विजयाची पारख

पराभवाची चौकशी करा म्हणून कोणास सांगावें लागत नाहीं. संघ हरला म्हणजे त्याचे अभिमानी आपण होऊनच न्यायासनावर चढतात, आणि कोण चुकला, कोठें चुकला, कां चुकला याचा पाढा वाचूं लागतात. विजयाची गोष्ट निराळी. तो पुष्कळ गोष्टींवर पांघरूण घालतो. त्यांतून प्रतिस्पर्धी पिढीजात असला तर विचारूंच नये! अशा विजयाच्या दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या संघाचे दोष काढणारा मनुष्य लग्नाच्या मांडवांत देण्याघेण्याचा जुना हिशेब उकरणाऱ्या सोयऱ्यासारखा सर्वांस नकोसा होतो. तथापि तो संघाचा शत्रु असतो असें नाहीं. पुष्कळदां त्याचेंच प्रेम अधिक डोळस असतें. जिंकलेल्या सामन्याची पारख कशी करावी, तींत आनंदाला किती जागा द्यावी आणि हिशेबाला किती, हा प्रश्न अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉलमध्यें दर हंगामांत उठतो. २०२४ सालच्या मिशिगन-ओहायो सामन्यानें तो विशेष स्पष्टपणें पुढें मांडला.

फुटबॉल म्हटला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें पायानें चेंडू टोलविण्याचा खेळ उभा राहतो. अमेरिकेंत त्या नांवाचा जो खेळ लोकप्रिय आहे तो अगदीं वेगळा. त्यांतील चेंडू लांबट व दोन्ही टोंकांस निमुळता असतो. तो बहुधा हातांत धरून पळावयाचा किंवा हातानेंच पुढें फेकावयाचा. पायाला काम थोडें. दोन्ही बाजूंस अकरा अकरा खेळाडू, शंभर यार्डांचें मैदान आणि पंधरा पंधरा मिनिटांचे चार भाग. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. सरकला तर त्याला नवे चार प्रयत्न मिळतात. न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे चेंडू नेला कीं ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात, व त्यानंतर एक जादा गुण किक मारून मिळवितां येतो. सीमेपर्यंत पोंचतां आलें नाहीं तर दुरूनच चेंडू किक मारून दोन खांबांमधून घालविण्याची सोय आहे. तिला ‘फील्ड गोल’ म्हणतात व तिचे गुण तीन. चढाई करणारे खेळाडू निराळे आणि बचाव करणारे निराळे. चढाईचा सूत्रधार तो ‘क्वार्टरबॅक’. चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो. मग तो धांवणाऱ्या गड्याच्या स्वाधीन करणें किंवा दूरच्या गड्याकडे फेकणें हें काम त्याचें. त्याची फेक प्रतिपक्षानें मध्येंच पकडली तर चेंडू प्रतिपक्षाचा होतो. इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडूं नये.

मिशिगन व ओहायो हीं अमेरिकेच्या उत्तर भागांतील शेजारचीं राज्यें. १८३५ सालीं टोलेडो शहराच्या आसपासच्या पट्ट्यावरून त्यांच्यांत सीमेचा तंटा पेटला आणि दोन्हीकडचीं पथकें हत्यारें घेऊन सरहद्दीवर जमलीं. पुढें तो तंटा मिटला. चुरस मात्र राहिली, आणि कालांतरानें ती खेळाच्या मैदानावर उतरली. मिशिगन विद्यापीठ अॅन आर्बर गांवीं आहे, ओहायो स्टेट विद्यापीठ कोलंबस शहरीं. त्यांच्या संघांची पहिली गांठ १८९७ सालीं पडली व मिशिगननें ३४-० असा विजय मिळविला. १९१८ पासून ही भेट बहुधा दरवर्षीं होत आली आहे. २०२० सालीं कोरोनाच्या सांथीमुळें ती होऊं शकली नाहीं. सामना हंगामाच्या अगदीं अखेरीस, नोव्हेंबरच्या थंडींत होतो. तेथील लोक त्याला नुसतें ‘द गेम’, म्हणजे ‘तो सामना’, एवढेंच म्हणतात. कोणता हें सांगण्याची जरूर कोणालाहि वाटत नाहीं. ओहायोचें घोड्याच्या नालाच्या आकाराचें मैदान १९२२ सालीं उघडलें, मिशिगनचें १९२७ सालीं. आज त्या दोहोंत लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. संघ विद्यार्थ्यांचा, पण त्याच्याशीं नातें सबंध राज्याचें. ज्यांनीं कॉलेजचा उंबरठाहि कधीं ओलांडला नाहीं असे शेतकरी व कारखान्यांतील कामगारसुद्धां त्या दिवशीं एका बाजूचे कट्टे अभिमानी असतात.

२०२४ सालीं ही भेट जवळ आली तेव्हां दोन्ही संघांच्या परिस्थितींत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. आदल्या हंगामांत मिशिगननें पंधराच्या पंधरा सामने जिंकून ८ जानेवारी २०२४ रोजीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें होतें. परंतु त्यानंतर मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ धंदेवाईक संघाकडे गेले, क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी व त्याचे अनेक सोबतीहि धंदेवाईक खेळांत शिरले. संघाचीं सूत्रें शेरोन मूर यांच्या हातीं आलीं. नव्या हंगामांत टेक्सास, वॉशिंग्टन, इलिनॉय, ओरेगॉन व इंडियाना या पांच संघांपुढें मिशिगनला हार खावी लागली. जमा बाजूस विजय फक्त सहा. दुखणें कोठें आहे हें सर्वांस कळत होतें. चेंडू फेकून चढाई करण्याचें सामर्थ्यच संघांत उरलें नव्हतें. एकापाठोपाठ एक तीन क्वार्टरबॅक वापरून झाले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठावरचा २७-२४ असा विजय मिळाला खरा, पण त्या सबंध सामन्यांत मिशिगननें फेकून मिळविलेले यार्ड अवघे ३२ होते. उलट ओहायोनें अकरांपैकीं दहा सामने जिंकले होते व देशाच्या क्रमवारींत त्याचें स्थान दुसरें होतें. आधींच्या तीन वर्षीं मिशिगनकडून लागोपाठ पराभव पत्करावा लागल्यामुळें सूड उगविण्याची ईर्षाहि त्याच्या ठायीं होती. ओहायो सुमारें वीस गुणांनीं जिंकेल असा जाणत्यांचा अंदाज होता, आणि मिशिगनच्या अभिमान्यांपैकीं पुष्कळांस तो मनांतून पटत होता.

सामना ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं, शनिवारीं, कोलंबस येथें झाला. प्रथम ओहायोनें फील्ड गोल करून तीन गुण मिळविले. पुढें ओहायोचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड यानें आपल्याच सीमेजवळून फेकलेला चेंडू मिशिगनच्या आमिर हॉलनें मध्येंच पकडला आणि सीमेपासून केवळ दोन यार्डांवर आणून ठेवला. तेथून कॅलेल मलिंग्ज हा दणकट गडी चेंडू घेऊन सीमेपार घुसला. डॉमिनिक झ्वाडा यानें ५४ यार्डांवरून मारलेल्या किकनें मिशिगनच्या गुणांत आणखी तिहींची भर पडली. मध्यंतरास दोन्ही संघांचे गुण दहा-दहा असे समान होते. उत्तरार्धांत ओहायोला एकहि गुण मिळाला नाहीं. दोन किक खांबांमधून न जातां वायां गेल्या, व एक फेक मिशिगनच्या सीमेजवळ मकारी पेजनें हिरावून घेतली. मिशिगनच्या क्वार्टरबॅकनेंहि ओहायोच्या सीमेशीं आलेली एक संधि तशीच चुकीची फेक करून घालविली. अखेरच्या मिनिटांत मात्र मिशिगननें चेंडू हातचा जाऊं दिला नाहीं. मलिंग्ज एकदां २७ यार्ड धांवला, आणि खेळ संपण्यास ४५ सेकंद उरलीं असतां झ्वाडानें २१ यार्डांवरून किक मारून सामना १३-१० असा जिंकून दिला.

शनिवारची रात्र अर्थातच उत्सवाची होती. तिजविषयीं अधिक सांगावयास नको. विचार करण्यासारखी गोष्ट ती पुढच्या दिवसाची. रविवारीं सकाळीं न्याहारीच्या मेजावर, चर्चच्या दारांत, टेलिफोनवर, जेथें म्हणून मिशिगनचे दोन अभिमानी भेटले तेथें तोच विषय होता; आणि त्यांच्यांत ठळकपणें तीन मतें दिसून आलीं. पहिल्या मताचे लोक म्हणत, ‘जिंकलों, पुरे झालें. गुणफलकावर यार्ड लिहीत नाहींत.’ दुसऱ्या मताचे म्हणत, ‘जिंकलों हें खरें, पण चढाई सबंध हंगामांत होती तशीच दुबळी आहे, आणि या एका दिवसानें ती झांकली गेली तर पुढील वर्षीं रडण्याची पाळी येईल.’ तिसऱ्या मताचे लोक सर्वांत आशावादी. त्यांच्या दृष्टीनें संघ मुळांत चांगलाच होता, त्याचें खरें तेज उशीरां प्रकट झालें इतकेंच. या तिहींपैकीं कोणाचें बरोबर, हें ठरविण्यास आरडाओरडा उपयोगी नाहीं. त्यासाठीं सामना उलगडून पाहिला पाहिजे.

पहिली कसोटी जागेची, म्हणजे कोणत्या संघानें किती यार्ड मिळविले याची. मिशिगनचे एकंदर यार्ड २३४ व ओहायोचे २५२. मिशिगनच्या २३४ पैकीं १७२ धांवून मिळालेले, फेकून मिळालेले केवळ ६२. क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन यानें सोळा वेळां चेंडू फेकला. नऊ वेळां तो आपल्या गड्यास पोंचला, दोन वेळां प्रतिपक्षाच्या हातीं पडला. ज्यानें सामना पाहिला नाहीं व केवळ हा तक्ता वाचला, त्यास विजेता मिशिगन असेल असें वाटणार नाहीं. निदान हा विजय चढाईनें खेचून आणलेला आहे, असें तर तो खास म्हणणार नाहीं.

दुसरी कसोटी गुणांच्या उगमाची. तेरा गुण आले कोठून? पहिले सात आले ते हॉलनें चेंडू सीमेच्या दोन यार्डांवर आणून ठेवल्यामुळें. म्हणजे त्यांचें श्रेय प्रथम बचावाचें. मधले तीन आले ते ५४ यार्डांच्या असामान्य किकमुळें. पल्ला इतका लांब असतां चेंडू खांबांमधून घालविणारे खेळाडू विद्यापीठांत थोडे. तेव्हां येथेंहि चढाईला अर्धेमुर्धेंच श्रेय देतां येतें. शेवटचे तीन मात्र चढाईनें निर्विवाद कमावलेले. त्या अखेरच्या वाटचालींत ओहायोच्या बलाढ्य बचावाला रेटीत नेण्याचें काम मिशिगनच्या पुढल्या फळीनें व मलिंग्जनें केलें. मलिंग्जनें त्या दिवशीं ३२ वेळां चेंडू घेऊन ११६ यार्ड मिळविले. म्हणजे दर खेपेस साडेतीनांहून किंचित् अधिक. हा आंकडा दिपविणारा नाहीं. पण बत्तिसाव्या खेपेसहि जो पहिल्या खेपेइतक्याच जोरानें धडक देतो, त्याच्यापुढें प्रतिपक्षाचे गडी शेवटीं दमतात, आणि त्याचें मोल अखेरच्या मिनिटांत वसूल होतें.

तिसरी कसोटी दैवाची. ओहायोच्या ज्या दोन किक वायां गेल्या त्या ३४ व ३८ यार्डांच्या होत्या. अशा अंतरावरून विद्यापीठाचा खेळाडू चुकण्यापेक्षां साधण्याचाच संभव अधिक. त्या साधल्या असत्या तर सहा गुणांची भर पडून सामन्याचें पारडें फिरलें असतें. त्या चुकविण्यांत मिशिगनचें कर्तृत्व काय? फारसें नाहीं. प्रामाणिक अभिमानी येथें थांबून कबूल करतो कीं या विजयांत दैवाचाहि वांटा होता. मात्र हिशेब एकाच बाजूनें मांडणेंहि न्यायाचें नव्हे. मिशिगननेंहि ओहायोच्या सीमेशीं एक संधि घालविली होती. दैव दोन्हीकडे थोडें थोडें हात मारून जातें. जो केवळ आपल्याच नुकसानीची किंवा आपल्याच लाभाची नोंद करतो त्याची वही खोटी ठरते.

चौथी कसोटी सर्वांत अवघड. प्रतिपक्ष खेळला वाईट, कीं त्याला वाईट खेळावयास लावलें? ओहायोचे धांवणारे गडी देशांतील उत्तमांपैकीं होते; तरी त्या दिवशीं २६ प्रयत्नांत त्यांस मिळाले ७७ यार्ड, म्हणजे दर खेपेस जेमतेम तीन. ओहायोच्या चाहत्यांनीं याचा सगळा दोष आपल्या प्रशिक्षकांवर टाकला. मिशिगनच्या बचावाचा मध्यभाग भिंतीसारखा आहे हें ठाऊक असतां पुनः पुनः त्याच भिंतीवर डोकें कां आपटलें, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. शिवाय ओहायोच्या पुढल्या फळींतील दोन प्रमुख खेळाडू दुखापतीमुळें हंगामास मुकले होते, हीहि गोष्ट विसरतां येत नाहीं. परंतु भिंत कच्ची असती तर डोकें आपटण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. त्या मध्यभागांत मेसन ग्रॅहॅम व केनेथ ग्रँट उभे होते. पुढें २०२५ सालच्या निवडींत धंदेवाईक संघांनीं सबंध देशांतून जे खेळाडू वेंचले त्यांत ग्रॅहॅमचा क्रमांक पांचवा व ग्रँटचा तेरावा लागला. म्हणजे हें सामर्थ्य एका दुपारचें नव्हतें. आणखी एक गोष्ट अशी कीं बचावाचा नामांकित खेळाडू विल जॉन्सन व फेक झेलणाऱ्यांतला पहिल्या प्रतीचा गडी कोल्स्टन लव्हलंड हे दोघेहि त्या दिवशीं मैदानावर नव्हते. त्यांच्यावांचून ओहायोसारख्या संघास उत्तरार्धांत एकहि गुण मिळूं न देणें ही कामगिरी लहान नव्हे.

या चार कसोट्यांवर घासून पाहिलें म्हणजे निकाल आपोआप हातीं येतो. बचाव उत्तम, किक मारणारा असामान्य, धांवणारे चिवट, फेकीची चढाई निकृष्ट, आणि दैव किंचित् अनुकूल. एका सामन्यांतील गुणदोषांपैकीं जे मागच्या सामन्यांतहि दिसले होते ते पुढेंहि दिसण्याचा संभव असतो. जे त्या दिवशींच उगवले ते त्या दिवशींच मावळण्याचा. मिशिगनच्या फेकीची दुर्बलता पहिल्यापासूनची होती. ओहायोच्या वायां गेलेल्या किक मात्र त्या दुपारच्याच. विजयाचा आनंद मानतांना हा भेद विसरला तरी चालेल. संघाचें पुढील धोरण ठरवितांना तो विसरून चालत नाहीं.

अशा तऱ्हेचा विजय या परंपरेंत अगदीं नवा होता असेंहि नाहीं. २५ नोव्हेंबर १९५० रोजीं याच कोलंबस शहरीं भयंकर हिमवादळांत दोन्ही संघ खेळले होते. मैदानावरच्या रेघा बर्फाखालीं गडप झाल्या होत्या. त्या दिवशीं मिशिगनला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकणें एकदांहि साधलें नाहीं; नऊ वेळां चेंडू फेकला तो एकदांहि आपल्या गड्यास पोंचला नाहीं; सबंध सामन्यांत मिळाले २७ यार्ड. तरीहि मिशिगन ९-३ असा जिंकला, कारण त्याच्या गड्यांनीं ओहायोच्या किक दोनदां अडविल्या आणि सगळे गुण त्यांतूनच आले. त्या निकालाच्या जोरावर मिशिगनला रोझ बोलच्या मानाच्या सामन्यांत प्रवेश मिळाला, व ओहायोचे प्रशिक्षक वेस फेसलर यांनीं त्या हंगामानंतर राजीनामा दिला. त्या नऊ गुणांस आज कोणी खोटें म्हणत नाहीं. परंतु तो सामना पाहून मिशिगनची चढाई उत्तम होती असेंहि कोणी म्हणत नाहीं. विजय व खेळ या दोन वेगळ्या वस्तु आहेत हें इतक्या ठसठशीतपणें दाखविणारा सामना विरळाच.

२०२४ च्या विजयाची पारख केवळ चाहत्यांच्या गप्पांपुरती राहिली नाहीं, हें विशेष होय. सामन्यास तीन दिवस होतात न होतात तोंच, ३ डिसेंबर रोजीं, मिशिगनच्या चढाईचे प्रशिक्षक कर्क कँबेल यांस कामावरून दूर करण्यांत आलें. हरलेल्या संघानें प्रशिक्षक काढावा ही रोजची गोष्ट. पण पिढीजात प्रतिस्पर्ध्यास त्याच्याच घरीं लोळविल्यावर, हार गळ्यांतून उतरण्यापूर्वींच, जिंकलेल्या संघानें तसें करावें याचें अनेकांस नवल वाटलें. ज्यांनीं रविवारीं तक्ता वाचला होता त्यांस मात्र नवल वाटलें नाहीं. त्यांच्या मतें त्या निर्णयांत कृतघ्नपणा नव्हता. विजयाची भुरळ पडूं न देतां सबंध हंगामाचा हिशेब पाहण्याची ती रीत होती.

या पारखेला एक बाजू आणखी आहे व ती माणुसकीची. ज्यांचे दोष काढावयाचे ते वीस-बावीस वर्षांचे विद्यार्थी असतात. २०२१ पासून त्यांस आपल्या नांवलौकिकावर पैसे मिळविण्याची मोकळीक झाली, तेव्हांपासून चाहत्यांची जीभ अधिक तिखट झाली आहे. पैसे घेतो ना, मग बोलणींहि खाईल, असा त्यांचा न्याय. पण डेव्हिस वॉरनचीच गोष्ट पहा. शाळेंत असतांना त्याला रक्ताच्या कर्करोगानें गांठलें होतें. त्यांतून उठून, खेळाची शिष्यवृत्ति नसतांना, तो मिशिगनच्या संघांत शिरला आणि लाखावर लोकांच्या समोर ओहायोविरुद्ध उभा राहिला. त्याच्या फेकी तोकड्या पडल्या हें सांगण्यास हरकत नाहीं; तें खरेंच आहे. परंतु फेक तोकडी पडली असें म्हणणें आणि मनुष्य तोकडा आहे असें म्हणणें यांत फार अंतर आहे. चांगला परीक्षक खेळाचें मोल करतो, खेळणाराच्या लायकीवर घसरत नाहीं. तसेंच जिंकलेल्याचें वर्तनहि पारखेंतून सुटत नाहीं. त्या दिवशीं सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनीं ओहायोच्या मैदानाच्या मध्यभागीं आपलें निशाण रोवण्याचा प्रयत्न केला, त्यावरून दोन्ही संघांत हातघाई झाली, पोलिसांस डोळे झोंबविणारा फवारा मारावा लागला, आणि दोन्ही विद्यापीठांस एकेक लाख डॉलर दंड झाला. मिशिगनच्या पुष्कळ जाणत्या चाहत्यांस गुणांचा अभिमान वाटला, पण या प्रकाराचा वाटला नाहीं.

हरलेल्या बाजूचा न्याय तर याहून घाईचा ठरला. लागोपाठ चौथ्या वर्षीं मिशिगनकडून हार खाल्ल्यामुळें ओहायोचे प्रशिक्षक रायन डे यांस घालवून द्या अशी ओरड कोलंबसमध्यें उठली. विद्यापीठानें ती मानली नाहीं. पुढें राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत त्याच संघानें टेनेसी, ओरेगॉन, टेक्सास व शेवटीं २० जानेवारी २०२५ रोजीं नोटर डेम यांना ओळीनें हरविलें. अंतिम सामन्याचे गुण ३४-२३ असे होते. ज्या संघास तीन गुणांनीं नमविलें तोच देशांतला सर्वश्रेष्ठ ठरला! यामुळें मिशिगनच्या विजयाचें मोल घटलें नाहीं, उलट वाढलें. पण एका दुपारवरून संघाचें भविष्य वर्तविणारे दोन्हीकडचे ज्योतिषी एकदमच उघडे पडले.

मिशिगनचें पुढें काय झालें? ३१ डिसेंबर २०२४ रोजीं त्यानें अलाबामा संघास १९-१३ असें हरवून हंगाम गोड केला, आणि तोहि विजय मुख्यतः बचावाच्याच बळावर मिळाला. नंतरच्या वर्षीं चढाईचा प्रशिक्षक नवा आला, क्वार्टरबॅक नवा आला. तथापि २९ नोव्हेंबर २०२५ रोजीं अॅन आर्बर येथें ओहायोनें २७-९ असा विजय मिळविला. मिशिगनचे नऊ गुण तीन फील्ड गोलांचे होते. टचडाउन एकहि नाहीं. वर्षापूर्वीं विजयाच्या गोंगाटांत ज्यांनीं दुबळ्या फेकीकडे बोट दाखविलें होतें त्यांचें म्हणणें येणेंप्रमाणें खरें ठरलें. दुखणें एका माणसाच्या बदलीनें बरें होण्याइतकें वरवरचें नव्हतें, हेंहि त्यांत उघड झालें.

मग तीन मतांपैकीं खरें कोणाचें? ‘जिंकलों, पुरे झालें’ असें म्हणणारे त्या शनिवारपुरते खरे होते. १३-१० हा आंकडा कोणत्याहि हिशेबानें पुसला जाणार नाहीं, व ज्यांनीं तो डोळ्यांनीं पाहिला ते तो नातवंडांस सांगतील. परंतु संघाची प्रकृति कशी आहे या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं विजयाचे धागे एकेक करून तपासले त्यांच्याजवळ होतें. संघ मुळांतच उत्तम होता असें म्हणणाऱ्या आशावाद्यांचें उत्तर तेवढें काळानें खोडून काढलें.

खेळावर प्रेम करणाऱ्या मनुष्यानें आनंद व हिशेब या दोहोंपैकीं एकाचीच निवड केली पाहिजे असें मुळींच नाहीं. मिशिगनच्या ज्या अभिमान्यानें शनिवारीं रात्रीं घसा बसेपर्यंत जयघोष केला व रविवारीं सकाळीं आपल्या मुलास जवळ बसवून चढाईचे ६२ यार्ड मोजून दाखविले, त्यानें आपल्या संघाशीं दोन्ही दिवशीं सारखीच निष्ठा राखली.